श्रावणात विचाराल, तर सगळेच ‘नाही’ म्हणतील

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या ठाणे पुरवणीत बातमी होती, की तिशीवरच्या सगळ्यांची घरोघरी जाऊन तपासणी होणार आहे. साखर, बीपी, तोंडाचा कॅन्सर, आणि त्याच फेरीत दारू-तंबाखूची विचारपूस. त्या आकड्यांवरून पुढे अभ्यासही होणार आहे. वाचून बरं वाटलं. मग मोहिमेचा महिना वाचला आणि पेपर खाली ठेवला. मोहीम श्रावणात आहे.

मी ठाण्यात सत्तावीस वर्षं एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका होते, २०२१ साली निवृत्त झाले. कळवा, विटावा, खारेगाव आणि पारसिकच्या डोंगरावरची भास्करनगर, वाघोबानगर ही माझ्या पायाखालची वाट. मधूनमधून बाहेरून अभ्यासाच्या टीम यायच्या, तेव्हा वस्तीची ओळख असलेली बाई म्हणून मला त्यांच्याबरोबर पाठवत. नाव छापू नये ही विनंती. पुढे लिहिलंय त्यात घरचं आहे आणि लोकांनी विश्वासाने सांगितलेलंही आहे.

श्रावणाचं आधी सांगते. आषाढातल्या अमावस्येला आमच्या घरी दिवे घासून, मांडून पूजा होते. त्याच अमावस्येला गल्लीत गटारी असते. दुसऱ्या दिवसापासून रोज पिणारा माणूसही बाटलीला शिवत नाही. कुणी महिनाभर पाळतो, कुणी गणपती विसर्जनापर्यंत, कुणी थेट दसऱ्यापर्यंत. अशा माणसाला तुम्ही श्रावणात दारात उभं राहून विचारलंत, की दारू पिता का, तर तो ‘नाही’ म्हणेल. तो खोटं बोलत नाही. त्याच्या मनाने तो आज पीत नाहीच.

आता आशाताईंच्या हातातला फॉर्म बघा. सीबॅक म्हणतात त्याला. तंबाखू रोज असेल तर २ गुण, कधीमधी असेल तर १. दारूचा प्रश्न एकच, रोज पिता का? हो असेल तर १, नाहीतर शून्य. कंबर, व्यायाम, घरातले आजार असे सगळे गुण मिळवून बेरीज ४ च्या वर गेली, की तपासणीला प्राधान्य. पण आमच्या वस्तीत ‘रोज पितो’ असं कबूल करणारा शोधूनही सापडणार नाही, कारण कुठला तरी वार कुठल्या तरी देवाचा असतो. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, वर संकष्टी आणि एकादशी. जो चार दिवस क्वार्टर मारतो आणि तीन वार पाळतो, तो रोज पिणारा कसा? त्याच्या खात्यावर शून्य पडतो. लग्नसराईत गावकीतल्या प्रत्येक हळदीला रात्रभर बसणारा तर स्वतःला पिणारा म्हणतच नाही. ‘ताई, फक्त हळदीला.’ आणि वैशाख-ज्येष्ठात हळदी किती असतात ते खारेगावात राहणाऱ्याला विचारा.

मापाचंही तसंच. एकदा एका अभ्यासासाठी आलेल्या मुलांबरोबर मी वाघोबानगरात फिरत होते. मुलं मनापासून काम करणारी होती, उन्हात डोंगर चढून यायची. त्यांच्याकडे ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची यादी होती. जगभर तीच वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८०च्या दशकात ती तयार केली तेव्हा ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका या सहा देशांत पारखून घेतली होती. यादी चांगली आहे, तिच्यामुळे कितीतरी माणसं वेळेवर सापडली आहेत. पण दुसरा प्रश्न असा आहे, की ज्या दिवशी पिता त्या दिवशी साधारण किती ड्रिंक घेता? एका गवंड्याने सांगितलं, ‘एकच.’ मुलाने ‘एक किंवा दोन’ वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. मला राहवलं नाही. विचारलं, ‘दादा, एक म्हणजे काय?’ तो म्हणाला, ‘एक क्वार्टर.’

क्वार्टर म्हणजे १८० मिली. बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. हिशेब केला तर त्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल भरतं. त्या यादीतलं एक ड्रिंक १० ग्रॅमचं. म्हणजे गवंड्याचं ‘एक’ ही सहा ड्रिंक झाली. आणि त्याच यादीतला तिसरा प्रश्न आहे, एका बैठकीत सहा किंवा त्याहून जास्त ड्रिंक किती वेळा होतात? तिथे त्याने ‘कधीच नाही’ सांगितलं. त्या दिवशी किती कागदांवर असं झालं असेल, ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं. मुलांना दोष नाही. त्यांना क्वार्टर ठाऊक होती, पण फॉर्ममध्ये क्वार्टर लिहायला जागा नव्हती.

तेव्हापासून मी ड्रिंक हा शब्द सोडला. नाइंटीवर भागतं की क्वार्टर लागते? एकटे संपवता की दोघांत? देशीच्या दुकानात उभ्या उभ्या, की घरी जेवायच्या आधी? शनिवारचा पगार झाला की वेगळं असतं का? असं विचारलं की माणूस मोकळा होतो, कारण समोरच्या बाईला आपलं जगणं कळतंय हे त्याला जाणवतं. हातभट्टीला तर मापच नाही. प्लास्टिकची पिशवी, आणि आतला माल कधी कडक, कधी पाणी घातलेला. तिथे मी पैसे विचारायचे, दिवसाला किती जातात म्हणून. पैशाचा आकडा लोक बरोबर सांगतात. आणि हे सगळं वडील, सासू किंवा सून घरात असताना कधीही विचारायचं नाही. ‘आबा बसलेत’ म्हणत नजर खाली गेली, की मी फॉर्म मिटून ‘जरा नळापर्यंत सोडायला येता का?’ म्हणायचे. खरं उत्तर नळाच्या वाटेवर मिळायचं.

आता घरचं लिहिते, कारण हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं.

माझा थोरला भाऊ पाटण तालुक्यातून येऊन माथाडीत लागला. घर कोपरखैरण्याला, काम वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात. दिवसभर पाठीवर गोण्या. संध्याकाळी अंग मोडून आलेलं असायचं आणि क्वार्टरला त्यांच्या टोळीत नाव होतं ‘अंगदुखीचं औषध’. २००६ साली दादाला साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, दारू बंद, गोळी आणि दारू एकत्र फार वाईट. सल्ला बरोबरच होता. साखरेच्या काही गोळ्यांवर उपाशीपोटी दारू पडली तर साखर धाडकन खाली येते, हे मी स्वतः रुग्णांना सांगत आले आहे.

दादाची साखर मात्र कधी ताब्यात, कधी तीनशेच्या वर. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी गणपतीच्या सुमारास केली की रिपोर्ट चांगला, पौषात केली की वाईट. दवाखाना बदलला, गोळ्या बदलल्या, डोस वाढवला. कागदावर शेरा पडला, ‘औषधे नियमित घेत नाही’. २०१४ साली डाव्या पायाला जखम झाली, चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. वॉर्डात त्याच्या उशाशी बसले होते तेव्हा मी सहज म्हटलं, ‘दादा, गोळ्या का चुकवायचास रे?’ त्याला राग आला. म्हणाला, ‘मी कुठं चुकवल्या? आगं, डाक्टरच म्हनले व्हते, दोनी येकत्र नको. म्हून ज्या दिवशी घेतो त्या दिवशी गोळीला हात लावत न्हाई. येवढं कळतं मला.’

आठ वर्षं तो डॉक्टरांचा सल्ला पाळत होता. दारू सुटत नव्हती, म्हणून एकत्र होऊ नये यासाठी गोळी सोडत होता. श्रावणात दारू बंद, म्हणून गोळी रोज, म्हणून गणपतीतला रिपोर्ट चांगला. त्या तपासणीत शेवटच्या महिन्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. सगळं समोर होतं. मी नर्स, त्याची सख्खी बहीण, आणि एकदाही विचारलं नाही, की ज्या दिवशी पितोस त्या दिवशी गोळीचं काय करतोस.

पुढे एका संशोधक डॉक्टर बाईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, की अमेरिकेत अटलांटाला एचआयव्हीच्या रुग्णांमध्ये नेमकं हेच दिसलं आहे. दारू आणि गोळी एकत्र झाली की विष होतं, असं मानून लोक पिण्याच्या दिवशी जाणूनबुजून औषध सोडतात. त्या औषधांच्या बाबतीत तर प्यायलात तरी गोळी सोडू नका, असंच डॉक्टर सांगतात. इतक्या दूरच्या देशातली माणसं आणि माझा दादा एकाच कारणाने गोळी ठेवून देत होते, हे ऐकून मी सुन्न झाले. टीबीच्या सहा महिन्यांच्या उपचारातही मी हे पाहिलं आहे, आणि तिथे मधले डोस गाळले तर औषधाला दाद न देणारा टीबी होण्याचा धोका असतो. प्रत्येक औषधाचं उत्तर वेगळं आहे. काही गोळ्यांबरोबर दारू खरोखरच घातक आहे. ते डॉक्टरांनीच सांगायचं. पण ‘प्यायला नाहीत तर उत्तम, प्यायलात तर या गोळीचं असं करा’ हे पुढचं वाक्य कुणी उच्चारतच नाही, आणि मग रुग्ण स्वतःच्या अकलेने मार्ग काढतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात १० कोटींहून जास्त मधुमेही, प्रौढांपैकी ११.४ टक्के. ते रक्त तपासून काढलेले आकडे आहेत. साखर किती आहे ते रक्त सांगतं, पण गोळी डबीत का राहिली ते सांगत नाही. त्यासाठी माणसाजवळच बसावं लागतं. आणि आमच्याकडे साखरेची ओपीडी एकीकडे, व्यसनमुक्तीची दुसरीकडे. साखरेच्या रांगेत दारूबद्दल ‘बंद करा’ याच्या पलीकडे कुणी बोलत नाही.

बायकांचं तर आणखी दडलेलं. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की आजीबाई दुखावतात. ‘मी का गडी हाय तंबाखू खायला?’ आणि खिडकीत मिश्रीची डबी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करायची, त्या वासाने आख्खी चाळ खोकते, पण तिला तंबाखू कुणी म्हणत नाही. ते दात घासायचं. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दुपारी लावली की भूक मरते, रात्री लावली की झोप लागते. मी नंतर विचारायला लागले, ‘सकाळी दात कशाने घासता? आणि दिवसातून किती वेळा?’ चार, पाच, सात वेळा असं उत्तर आलं. दिवसातून सात वेळा कुणी दात घासत नाही. एका गरोदर मुलीला तिसऱ्या महिन्यात मळमळ होते म्हणून सासूने प्रेमाने मिश्री दिली होती. तंबाखूने बाळाचं वजन कमी भरतं हे त्या सासूला ठाऊक असतं तर तिने डबी फेकून दिली असती. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मिश्रीला दुकानही लागत नाही, ती घरच्या चुलीवर होते. तिच्यासाठी वेगळं बोलावं लागेल, आणि बायकांनीच बायकांशी बोलावं लागेल.

हे सगळं होऊ शकतं, आपल्या शेजारी झालेलं आहे. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूच्या आहारी चाललेल्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. २०१७ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. समुपदेशन करणारे पदवीधर मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, साधी शिकवून तयार केलेली माणसं होती. जास्तीत जास्त चार भेटी, गरज पडली तर घरी जाऊनही. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. गेल्या पंधरवड्यात अजिबात न प्यायलेले ४२ टक्के, दुसऱ्या बाजूला १८ टक्के. हे आकडे मी तोंडपाठ केले आहेत, कारण ‘एएनएम आणि आशांच्या हातून काय होणार?’ असं मला बैठकांमध्ये ऐकवलं गेलंय. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, आणि तिथे उपचाराला येणाऱ्यांना ‘रुग्णमित्र’ म्हणतात. आपल्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे, आणि मनोरुग्णालय तर १९०१ पासून. शिकवणारी माणसं या शहरात आहेत. त्यांना डोंगरावरच्या आरोग्य केंद्रापर्यंत आणायचं काम कुणीतरी करायला हवं.

श्रावणाबद्दल एक गोष्ट राहिली, आणि ती सर्वांत तातडीची आहे. वर्षानुवर्षं भरपूर पिणारा माणूस गटारीनंतर एका दिवसात दारू तोडतो, तेव्हा शरीर बंड करतं. हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फीट येते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास होऊन बडबड सुरू होते. यात माणूस दगावू शकतो. २०१८ च्या श्रावणात भास्करनगरातल्या एका रंगाऱ्याचं असंच झालं. घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी आहे, अमावस्येला नाक्यावरून आला तेव्हा लागलं असेल. एक रात्र देवऋषीकडे गेली. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात नेला आणि वाचला. त्या घराला मी अडाणी म्हणणार नाही. व्रत पाळणाऱ्याला पाळल्यामुळे त्रास होईल, हे कुणाला सुचेल? मुंबईत कुष्ठरोगाच्या दवाखान्यात एक पाहणी झाली होती, १९९२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात रुग्णांनाच विचारलं होतं, की तुमच्या मते हा त्रास कशामुळे झाला आणि तुम्हाला जास्त भीती कशाची वाटते. ‘बाहेरचं’ हे उत्तर ऐकून घेतल्याशिवाय त्या रंगाऱ्याच्या आईला ‘हे दारू तुटल्यामुळे आहे, औषध आहे यावर’ हे कसं पटवणार?

म्हणून मोहीम श्रावणातच करायची असेल तर तिचं काम बदला. पहिल्या आठवड्यात फॉर्म बाजूला ठेवून फक्त एवढं विचारत फिरा, की घरात कुणी श्रावण धरलाय का, आणि त्याचे हात कापतायत का? आरोग्य केंद्रात त्या आठवड्यात डॉक्टर आणि औषधं तयार ठेवा. ज्याने देवासाठी दारू सोडली आहे तो महिनाभर आपलं ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. साखर, बीपी, टीबीची गोळी त्याच्याशी त्याच महिन्यात बोलून घ्या, आणि विसर्जनानंतर काय करायचं तेही. मोजणी करायची असेल तर ती मार्गशीर्षाचे गुरुवार संपल्यावर करा. आणि प्रश्न छापायच्या आधी आशाताईंना बोलावून एक दिवस बसा. कुठल्या गल्लीत पेग म्हणतात, कुठल्या गल्लीत पिशवी, ते त्या सांगतील. आकडे निघाले की ते वस्तीतल्या समाजमंदिरात परत येऊन वाचून दाखवा. माझ्या सत्तावीस वर्षांत कुठलीही टीम परत आली नाही. लोक मला अजून विचारतात, ‘बाई, त्या कागदांचं काय झालं?’

दादा आता गावी असतो. पायाची जखम भरल्यावर त्याने माळ घातली. गोळी रोज घेतो, मी फोनवर विचारते तेव्हा चिडतो.

माझ्याकडे तीन वह्या आहेत. लोक दारूला, तंबाखूला, साखरेला, अशक्तपणाला काय म्हणतात, कुठल्या दिवशी काय पाळतात, कुठली गोळी कशाबरोबर घेत नाहीत, ते मी घरी आल्यावर लिहून ठेवायचे. कुणाचं नाव त्यात नाही. या मोहिमेचे फॉर्म जे कुणी तयार करत असतील त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा. मी वह्या घेऊन येईन आणि सोबत बसेन. मोबदला नको. गटारीच्या आधी निरोप आला तर बरं होईल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका
कळवा, जि. ठाणे